मंगळाला किती दिवस लागतात? चला, फळ्यावर काढू

मागच्या लेकरांनी पुढं या बरं, फळा दिसला पाहिजे, आज आपण गणितच करणार आहोत.

मंगळाला जायला किती दिवस, असं विचारलं की बहुतेक जण परभणी-संभाजीनगर एसटीसारखा हिशोब करतात, अंतर भागिले स्पीड, झालं. 2003 साली मंगळ एकदम जवळ आला होता, साधारण 5 कोटी 57 लाख किलोमीटर, मग ताशी 40 हजारानं निघालो तर दोन महिन्यात पोचू की! पण तसं होत नाही, कारण पृथ्वीच सेकंदाला 30 किलोमीटरनं सूर्याभोवती पळतेय, यान सुटलं तरी तो वेग त्याच्या अंगात राहतो आणि वरून सूर्य त्याला सारखा ओढत असतो. म्हणून सरळ रेघ विसरा. यान जातं लंबवर्तुळातून, एक टोक पृथ्वीच्या कक्षेला टेकलेलं, दुसरं मंगळाच्या. कमी इंधनाचा हा रस्ता जर्मनीच्या वाल्टर होमान यांनी 1925 मध्ये मांडला, तेव्हा अवकाशात एक साधं यानसुद्धा गेलेलं नव्हतं, मला हे लई भारी वाटतं.

आता वेळ काढू. सूर्यापासून पृथ्वीचं अंतर 1 धरा, मंगळाचं 1.52. दोन्हींची सरासरी 1.26, हीच यानाच्या लंबवर्तुळाची अर्धी लांबी. केप्लरचा तिसरा नियम सांगतो की याचा घन करा आणि वर्गमूळ घ्या, म्हणजे पूर्ण फेरीची वर्षं मिळतात. 1.26 चा घन बघा, बरोबर 2 येतो! त्याचं वर्गमूळ 1.41 वर्षं, आपल्याला अर्धीच फेरी पाहिजे म्हणून 0.71, म्हणजे साधारण 259 दिवस. बास, एवढंच.

आपलं मंगळयान 1 डिसेंबर 2013 ला पृथ्वीची कक्षा सोडून निघालं आणि 24 सप्टेंबर 2014 ला पोचलं, जवळपास 300 दिवस, कारण कक्षा काही पक्क्या गोल नसतात आणि ते अर्ध्या फेरीपेक्षा जास्त फिरून गेलं. नासाचं पर्सिव्हरन्स 203 दिवसात पोचलं, त्याचा रस्ता अर्ध्या फेरीपेक्षा कमी होता, तरी 47 कोटी किलोमीटर झालेच.

जास्त इंधन जाळून अजून लवकर जाता येतं, पण मग थांबणार कसं? न्यू होरायझन्स यान 13 महिन्यात गुरूजवळून गेलं, त्याला थांबायचं नव्हतं. गॅलिलिओ यानाला गुरूभोवती फिरायचं होतं, ते 1989 ला निघून 1995 ला पोचलं.

आणि निघायचा मुहूर्त पण सांभाळावा लागतो, निघताना मंगळ आपल्या 44 अंश पुढं पाहिजे, ही वेळ 26 महिन्यांनी एकदा येते. माणसं गेली आणि याच रस्त्यानं परतायचं म्हटलं तर तिथं सव्वा वर्ष थांबावं लागेल.

आता तुम्ही शुक्राचं करा, अंतर 0.72 घ्या, उत्तर 146 दिवसांच्या आसपास आलं पाहिजे.