मे महिन्यातली नदी

मे महिना, दुपारचे दोन. मुंबईत दहिसर नदीच्या पुलावर उभे आहोत. खाली पाणी वाहतंय. काळं आहे, फेस आहे, पण वाहतंय. शेवटचा पाऊस पडून सात महिने झाले. मग हे पाणी आलं कुठून?

(दृश्य : राष्ट्रीय उद्यान, कोरडं पात्र)

नदीच्या उलट्या अंगानं वर जाऊ. उगम तुळशी तलावाजवळच्या डोंगरात, लांबी जेमतेम 12 किलोमीटर. इथं उद्यानात पात्र आटलंय. गोटे, पाचोळा, एखादं डबकं. आपल्याकडची पावसाळी नदी उन्हाळ्यात अशीच दिसते, त्यात नवल नाही. ह्याच डोंगरात कान्हेरी लेण्यांतल्या भिक्खूंनी कातळात पाण्याची टाकी खोदली. तिथले शिलालेख त्यांना ‘पोढी’ म्हणतात. चार महिन्यांचं पाणी बाराही महिने पुरवायचं होतं ना.

उद्यान संपतं, घरं सुरू होतात आणि पात्र ओलं होतं.

(दृश्य : काठावरचा पाइप, अगदी जवळून)

हा पाइप बघा. साबणाचं पाणी येतंय, त्यात भाताची शितं. कुणाच्या तरी मोरीत आत्ताच भांडी घासली गेली. पुढे वस्तीचं गटार, मग तबेल्यांचं शेणपाणी.

मुंबईत जमिनीखाली वाहिन्या दोन. मैलापाण्याची वेगळी, पावसाच्या पाण्याची वेगळी. पहिली प्रक्रिया केंद्राकडे जाते, दुसरी नाल्यातून नदीत. कागदावर झकास! पण मलवाहिनी पोचलीच नाही तिथलं पाणी पावसाळी गटारात शिरतं. वस्तीतल्या माणसाला नावं ठेवू नका. त्याच्याकडे नळ आला, मलवाहिनीचा चेंबर यायचाय.

आणि नळाला पाणी कुठलं? शहराला रोज साधारण 3,800 दशलक्ष लिटर पाणी मिळतं. तुळशी आणि विहार हे तलाव त्यातला चिमूटभर वाटा देतात. बाकी भातसा, तानसा, वैतरणेचं. म्हणजे मे महिन्यात ह्या पुलाखालून वाहते ती दहिसर नव्हेच. ती वापरून झालेली भातसा, तानसा, वैतरणा. आणि तिकडे शहापूर तालुक्यात, धरणांच्या शेजारच्या पाड्यांवर, बायका टँकरची वाट बघत असतात.

(दृश्य : हवेचे बुडबुडे सुटणारी टाकी)

मैलापाणी शुद्ध करणं ही काही जादू नाही. आधी जाळी : चिंध्या, पिशव्या अडतात. मग वाळू, खडे तळाला बसतात. मग ह्या टाकीत खालून हवा सोडतात आणि जिवाणू घाण खात सुटतात. हेच काम ते नदीतही करतात, फक्त तिथं पाण्यातला सगळा प्राणवायू संपवून टाकतात आणि मासे मरतात. इथं हवा आपण पुरवतो, एवढाच फरक. पुढच्या टाकीत गाळ खाली बसतो, वरचं निवळ पाणी काढून घेतात.

वरळी आणि वांद्र्याला वर्षानुवर्षं पहिल्या दोनच पायऱ्या झाल्या. पुढचं काम तीन किलोमीटरहून लांब बोगद्यातून समुद्रावर सोपवलं. आता वरळीपासून मालाडपर्यंत आणि भांडुप, घाटकोपरला मिळून सात नवी केंद्रं ठरली आहेत. एकूण क्षमता दिवसाला 2,464 दशलक्ष लिटर. दहिसरचं मैलापाणी मालाडला जातं.

जे वाहिनीत शिरतं, ते.

(दृश्य : पुन्हा तोच पाइप. कॅमेरा हळूहळू वर, रस्त्याकडे.)

शितं अजून येतायत. रस्त्यापलीकडे ते गोल लोखंडी झाकण दिसतंय? ती मलवाहिनी.