उचल आणि वेठ

श्रोतेहो, नमस्कार.

‘मला उगाच वेठीला धरू नका’ असे आपण घरात सहज म्हणून जातो. ज्या कामाला नकार देण्याची सोयच नसते, ते काम म्हणजे वेठ. भारतीय राज्यघटनेच्या 23व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार या दोहोंना एकाच वाक्यात मनाई केली आहे, आणि या दोन गोष्टी घटनाकारांनी शेजारी-शेजारी का बसवल्या असतील, हे दिवाळीनंतरच्या एखाद्या पहाटे इंदूरच्या गंगवाल बसस्थानकावर उभे राहिले की ध्यानात येते.

धार, झाबुआ, अलीराजपूरकडून आलेली कुटुंबे तिथे उतरतात. ताडपत्रीच्या गुंडाळीत तवा आणि दोन भांडी बांधलेली असतात, आईच्या कडेवर तान्हे मूल असते आणि पाच-सहा वर्षांचे दुसरे मूल तिचा पदर धरून उभे असते. त्यांच्यात एकच माणूस इस्त्रीच्या कपड्यांत असतो. तो मुकादम. त्याच्या खिशात रबर लावलेला आधारकार्डांचा गठ्ठा मी स्वतः पाहिला आहे. ‘हरवतात हो यांची, म्हणून मीच सांभाळतो,’ असे तो मला म्हणाला होता, आणि त्याच्या बोलण्यात लपवाछपवीचा लवलेशही नव्हता.

साखळदंड आता कुठे दिसत नाहीत. त्यांची जागा वहीने घेतली आहे. समजा, एका जोडप्याने वीटभट्टीवरच्या कामासाठी 30,000 रुपयांची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली. लग्न किंवा आजारपण हे तिचे नेहमीचे कारण असते, कारण बँक त्यांना दारात उभे करीत नाही. भट्टीवर आठवड्याला थोडी खर्ची मिळते आणि उरलेली मजुरी उचलीत वळती होते. पावसाने भिजलेल्या विटा मोजल्या जात नाहीत, मूल तापाने फणफणले म्हणून काम बुडाले तर तो खाडा धरला जातो आणि दवाखान्याचा खर्चही त्याच पानावर चढतो. हंगाम संपताना उचल फिटलेली असण्याऐवजी वाढलेली असते, आणि वाचता न येणाऱ्या माणसाला ते पान खोटे आहे असे म्हणता येत नाही.

‘पण तो आपल्या पायांनी गेला ना?’ हा प्रश्न मला सुशिक्षित मंडळींकडूनच अधिक ऐकावा लागतो. भारतीय न्याय संहितेचे कलम 143 या बाबतीत स्पष्ट आहे: फसवून, आमिष दाखवून किंवा धाक घालून शोषणासाठी माणूस नेला असेल, तर त्याची संमती होती की नाही याला काहीही महत्त्व नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेले काम ही सक्तीची मजुरीच होय, असे म्हटले. पुढच्याच वर्षी फरीदाबादच्या दगडखाणींच्या प्रकरणाचा निकाल न्यायालयाने दिला, आणि त्या खाणींत आपल्या मध्य प्रदेशातले मजूरही होते.

वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा 1976 चा. त्याने अशी सर्व कर्जे रद्द ठरवली. म्हणजे त्या वहीतली बाकी कायद्याच्या लेखी शून्य आहे. मजुराने हे बंधक कर्ज असल्याचे सांगितले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर येते. हा कायदा राबवण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. शिक्षा मात्र तीन वर्षांपर्यंतची कैद आणि 2,000 रुपयांपर्यंतचा दंड एवढीच. या दंडाची आजच्या भट्टीवाल्याला काय मातब्बरी वाटणार, हे मी वेगळे सांगायला नको.

हे सारे गरिबांचे दुखणे म्हणून रेडिओचा आवाज कमी करू पाहणाऱ्यांसाठी दुसरी एक गोष्ट सांगतो. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी, राहणे-खाणे मोफत, अशा जाहिरातींना भुललेली आपली शिकलेली मुले म्यानमारच्या सीमेवरील कुंपणबंद आवारांत नेली गेली. पासपोर्ट काढून घेऊन त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीचे काम करून घेण्यात आले. मार्च 2025 मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी अशा 549 जणांना थायलंडमधून परत आणले. इथेही पद्धत तीच, फक्त आधारकार्डाच्या जागी पासपोर्ट. परदेशी नोकरी देणारा एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते, आणि तिकीट काढण्यापूर्वी एवढे पाहायला काही मिनिटे पुरतात.

आणि आपली घरे? ‘आमच्याकडे ती पोरीसारखीच आहे’ हे वाक्य आपल्या समाजात फार ऐकू येते. ती पोर शाळेत जाते का, तिचा पगार तिच्या हातात पडतो का आणि तिला वाटेल तेव्हा आईकडे जाता येते का, एवढे विचारले तरी यजमान अस्वस्थ होतात. घरकामाला चौदा वर्षांखालील मूल ठेवण्यावर ऑक्टोबर 2006 पासूनच बंदी आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगातील 4 कोटी 96 लाख माणसे आधुनिक गुलामगिरीत होती. आकडा एवढा मोठा आहे की त्यात चेहरा दिसत नाही, म्हणून मी तो शेवटासाठी ठेवला.

सुटका झालेल्या मजुराला मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे वेठीतून सुटल्याचा सरकारी दाखला, मिळणे फार महत्त्वाचे असते. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषाला 1 लाख, स्त्रिया व मुलांना 2 लाख आणि अतिशोषणाच्या प्रकरणांत 3 लाख रुपयांची तरतूद आहे, पण त्या कागदावाचून माणूस कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहतो. असे राबवले जाणारे मूल दिसल्यास 1098 आणि एरवी 112 हा क्रमांक फिरवावा. स्वतः जाऊन मालकाशी हुज्जत घालू नये, कारण रातोरात अख्खी टोळी दुसरीकडे हलवली जाते. फोनवर भट्टी किंवा आवार कोणत्या रस्त्याला आहे, कुटुंबे किती, ती कुठल्या जिल्ह्यातली आणि त्यांत लहान मुले किती, एवढे सांगावे. गाडीचा क्रमांक दिसला असेल, तर तोही सांगावा.