तुकडे जोडायचे की लादी रंगवायची?

इराणमधल्या इस्फहानच्या शाही मशिदीची ही प्रवेशकमान. गडद निळ्यावर पांढऱ्या अक्षरांच्या पट्टीत हिजरी १०२५, म्हणजे इसवी सन १६१६ हे साल आहे. इथली फुलं रंगवलेली नाहीत. जवळून पाहा: पाकळी हा एक तुकडा, देठ दुसरा आणि मधली निळी जागा तिसरा. हे मुअर्रक काम.

आधी नक्षी पूर्ण मापात कागदावर उतरवतात आणि प्रत्येक आकाराला क्रमांक देतात. एक प्रत जपून ठेवायची, दुसरी कापायची. कापलेले कागद एकरंगी, झिलई केलेल्या लादीवर चिकटवून धारदार हातोडीनं कडा टिपत न्यायच्या, मग कानसीनं घासायच्या. घासताना मागची बाजू थोडी आत तिरकी घेतात, म्हणजे दर्शनी सांधा घट्ट बसतो आणि मागे गिलाव्याला शिरायला जागा राहते. हा उतार चुकला की दोन तुकड्यांमध्ये फट दिसते. तुकडे पालथे मांडून वर जिप्सम ओततात. म्हणून खालची नक्षी आरशातल्यासारखी उलटी हवी. वाळलेला तक्ता मग भिंतीवर चढतो.

एवढा खटाटोप रंगासाठी. प्रत्येक लादी एकाच रंगाची, त्यामुळे त्या रंगाला मानवेल तीच आच देता येते. कोबाल्टची खोल निळाई इथूनच येते. तांबं तर फारच लहरी: सोडा-पोटॅशच्या झिलईत फिरोजी देतं, शिशाच्या झिलईत हिरवं. फिरोजी झिलई थंड होताना जास्त आकसते. साध्या मातीवर तिला बारीक तडे जातात. इराणमधल्याच काशानच्या अबुल कासिमनं १३०१ मध्ये लिहिलेलं मिश्रण मातीऐवजी वापरलं की उपयोगी पडतं: दहा भाग दळलेली गारगोटी, एक भाग काचेची भुकटी, एक भाग पांढरी माती. चाकावर ते नीट उठत नाही, पण लादीला चालतं.

आता कमानीतून आत या. इथे लाद्या चौकोनी आहेत आणि फुलाचा अर्धा भाग एका लादीवर, अर्धा शेजारच्या. मशीद बांधवणाऱ्या शाह अब्बासला काम लवकर हवं होतं. हफ्त-रंगी, म्हणजे सातरंगी पद्धतीनं ते भराभर उरकलं. रांगोळीचा छिद्रांचा कागद असतो तसाच कागद पांढऱ्या लादीवर ठेवून कोळशाची पूड थोपटायची, उमटलेल्या ठिपक्यांवरून मँगनीज आणि तेलकट पदार्थाच्या मिश्रणानं रेघा ओढायच्या आणि मधल्या घरांत पाण्यात कालवलेले रंग भरायचे. तेलाला पाणी धरत नाही, म्हणून रंग आपापल्या घरात राहतात. भट्टीत तेल जळून काळी रेघ उरते. रेघ कुठे तुटली की पिवळा निळ्यात उतरलाच. शिवाय सगळे रंग एकाच आचेवर भाजायचे म्हणजे तडजोड आली. रंगाच्या खोलीच्या बाबतीत बाहेरची कमान सरस आहे, यात वाद नाही.

दोन्हींचा शत्रू मात्र मागून येतो. भिंतीत मुरलेलं पाणी जिप्सम भुसभुशीत करतं, आणि पाण्यातले क्षार झिलईखाली स्फटिक होऊन तिला ढकलून काढतात. वरून कितीही पुसलं तरी उपयोग नाही. आधी गळती शोधावी लागते.

मुअर्रक काम पाहायला इराणलाच जायला हवं असं नाही. मराठवाड्याच्या सीमेपलीकडे बीदरला, मूळच्या गिलानच्या महमूद गावाननं १४७२ मध्ये बांधलेल्या मदरशावर ते आहे. बरंच गळून गेलंय, पण उरलेल्या मिनारावर नागमोडी पट्टे अजून ओळखू येतात.