दात, जू आणि गोगलगाय : इंग्रजी यंत्रशब्द लात्वियन भाषेत नेताना

‘गिअर’ हा इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की त्याला एकच अर्थ असावा, असे वाटते. बाल्टिक समुद्राकाठच्या लात्विया देशाच्या लात्वियन भाषेत यंत्राची माहितीपुस्तिका उतरवणाऱ्या भाषांतरकाराला मात्र या शब्दापाशी थांबावेच लागते. दातेरी चाक अभिप्रेत असेल, तर तो ‘झुओब्रत्स’ लिहितो. त्यातला ‘झुओब्स’ म्हणजे दात आणि ‘रत्स’ म्हणजे चाक. आपल्या पारिभाषिक ‘दंतचक्रा’ची घडण अगदी हीच आहे. मोटार दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची असेल, तर तेथे दातेरी चाकाचा शब्द चालत नाही, ‘पार्नेसुम्स’ लागतो. ‘पलीकडे वाहून नेणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो घडला आहे. इंजिनाची गती आणि जोर चाकांकडे कोणत्या प्रमाणात वाहून नेला जातो, ते तो सांगतो. विमानाच्या पोटाखालच्या चाकांच्या रचनेलाही इंग्रजीत गिअर म्हणतात; लात्वियनमध्ये ती ‘शसिया’ होते. आणि मासेमारीच्या नियमांत आलेला गिअर हा चाक नसून जाळी, गळ अशी साधने असतो, तेव्हा ‘रीकि’ हा साधनांसाठीचा साधा शब्द वापरावा लागतो.

एका शब्दाचे चार शब्द झाले, पण यांपैकी कोणता निवडायचा हे शब्दकोश सांगत नाही, ते यंत्र सांगते. यंत्राच्या भागाचे नाव भाषांतरित करण्याआधी तो भाग काय करतो, कोणाला हलवतो आणि कोणामुळे हलतो, हे पाहणे भाग आहे, असे माझे म्हणणे आहे आणि लात्वियनइतके ते स्पष्टपणे दाखवून देणारी भाषा मला दुसरी सापडलेली नाही. जाता जाता एक सांगतो. जर्मनमध्ये भाषांतराला जो शब्द आहे, तोच दातेरी चाकांच्या गतिप्रमाणालाही आहे. एका आसावरची गती दुसऱ्या आसावर नेणे आणि एका भाषेतला अर्थ दुसऱ्या भाषेत नेणे, ही दोन्ही कामे त्या भाषेने एकाच नावाखाली ठेवली आहेत.

जर्मनचा उल्लेख येथे ओघाने आला असला, तरी तो अपरिहार्य आहे. आटे पाडलेल्या दांड्याने दातेरी चाक फिरवण्याची जी रचना असते, तिच्यातल्या दांड्याला इंग्रजी माणूस अळी म्हणतो आणि रशियन माणूसही अळीच म्हणतो. लात्वियनमध्ये त्या रचनेचे नाव ‘ग्लिएमेझपार्वद्स’ आहे आणि त्यातला ‘ग्लिएमेझिस’ म्हणजे गोगलगाय. जर्मन कारागिरालाही त्या आट्यांत गोगलगाईच्या शंखाचे वेटोळे दिसले होते. इंग्रजी पाहून कोणी या जागी अळीसाठीचा लात्वियन शब्द घातला, तर व्याकरण अचूक राहील, पण लात्वियाची राजधानी रीगामधल्या कामगाराला आपल्या यंत्रात कीड लागल्याचा भास होईल.

यामागे मोठा इतिहास आहे. 1201 मध्ये स्थापन झालेल्या रीगा शहरातील व्यापार आणि कारागिरांचे संघ शतकानुशतके जर्मन भाषकांच्या हाती होते. त्यामुळे हातोड्याचा ‘आमुर्स’, करवतीचा ‘झाग्यिस’ आणि स्क्रूचा ‘स्क्रूवे’ हे शब्द उत्तर जर्मनीतल्या बोलींमधून लात्वियनमध्ये आले आणि आज ते परके वाटत नाहीत. 1862 मध्ये रीगात पॉलिटेक्निक सुरू झाले, तेव्हा तेथे यंत्रशास्त्र जर्मनमधून शिकवले जाई. 1896 पासून रशियनमधून शिकवले जाऊ लागले. 1918 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि 1919 मध्ये रीगात राष्ट्रीय विद्यापीठ उभे राहिले, तेव्हा कोठे लात्वियनमधून अभियांत्रिकी शिकवण्याची सोय झाली. दोन परक्या भाषांतून शिकलेल्या अभियंत्यांना आपल्या भाषेत व्याख्यान द्यायचे होते, आणि त्यासाठी शब्द हवे होते. पुढे सोव्हिएत काळात रशियनचे वजन पुन्हा वाढले. आज इंग्रजीतून येणारा शब्द रिकाम्या जागेत येत नाही. जर्मन आणि रशियन या दोन थरांवर तो येऊन बसतो, आणि त्याला कोणत्या थराशी जुळवायचे हे भाषांतरकाराला ठरवावे लागते. जुने जर्मन शब्द उपटून काढावेत, असे मला मुळीच वाटत नाही. ज्या हातोड्याने पिढ्यान्‌पिढ्या काम केले, त्याचे नाव त्या लोकांचेच असते.

नवे शब्द घडवताना मात्र लात्वियन भाषेने स्वतःची वाट धरली, आणि ती म्हणजे क्रियापदाची वाट. पंप शोषतो, म्हणून ‘शोषणे’ या क्रियापदावरून ‘सूक्निस’. इंग्रजीत नट म्हणजे बोल्टवर फिरवून बसवायचा तुकडा आणि खायचे कवचफळही. लात्वियनमध्ये ‘वर फिरवणे’ या क्रियापदावरून ‘उझग्रिएझ्निस’ झाला आणि फळाशी त्याचा संबंधच उरला नाही. इंग्रजीत स्प्रिंग म्हणजे वसंत ऋतू, पाण्याचा झरा आणि पोलादाचे वेटोळे; लात्वियनमध्ये या तिन्हींना वेगळे शब्द आहेत आणि त्यांतला यंत्रातला ‘अत्स्पेरे’ हा ‘उलट लाथ मारणारी’ असा आहे. दाबलेली स्प्रिंग सुटताना हाताला जे जाणवते, त्याचे याहून नेमके वर्णन मला सुचत नाही. वजन उचलणाऱ्या क्रेनला इंग्रजीने उंच मानेच्या क्रौंच पक्ष्याचे नाव दिले; लात्वियनने पक्षी सोडून दिला आणि ‘उचलणे’ या क्रियापदावरून ‘त्सेल्तनिस’ घडवला. हेच क्रियापद घर बांधण्यासाठीही वापरतात, त्यामुळे बांधकामावरच्या क्रेनला हे नाव दुहेरी शोभते.

बेअरिंगचे उदाहरण मला सर्वांत अधिक आवडते. इंग्रजी शब्दात भार वाहणे आहे, आपल्या ‘धारवा’ या पारिभाषिक शब्दात धारण करणे आहे, आणि लात्वियन ‘गुल्तनिस’मध्ये अंथरूण आहे, कारण ‘गुल्ता’ म्हणजे पलंग. फिरणारा दांडा तेथे विसावतो, अशी ती कल्पना आहे. तिन्ही भाषा एकाच कड्याकडे पाहत आहेत आणि तिघींना त्याचे काम वेगळ्या अंगाने दिसले आहे.

क्लचला लात्वियनमध्ये ‘सयूग्स’ म्हणतात. ‘स’ म्हणजे एकत्र, आणि ‘यूग्स’ म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू. इंजिन आणि चाके एका जुवाला जुंपायची आणि गिअर बदलताना क्षणभर सोडायची, हे क्लचचे काम त्या नावात पूर्ण आले आहे. संस्कृत ‘युग’ आणि त्यातून आलेले आपले ‘जू’ हे या ‘यूग्स’चे सख्खे नातलग आहेत, कारण लात्वियन ही भारत-युरोपीय कुळातील बाल्टिक शाखेची भाषा आहे, त्या शाखेतील लिथुएनियन आणि लात्वियन या दोनच भाषा आज जिवंत आहेत. ‘रत्स’चे नाते ‘रथा’शी, आसासाठीच्या ‘अस्स’चे ‘अक्षा’शी आणि ‘झुओब्स’चे दातासाठीच्या वैदिक ‘जंभ’ शब्दाशी आहे. बैलगाडीच्या काळातला हा शब्दसंग्रह मोटारीच्या पोटात आजही काम करतो आहे.

उसने शब्दही लात्वियनमध्ये जसेच्या तसे राहू शकत नाहीत. प्रत्येक नामाला लिंग आणि विभक्ती हवी, म्हणून ‘मोटर’चा ‘मोतोर्स’ होतो आणि ‘मेकॅनिझम’चा ‘मेहानिस्म्स’. ‘मशीन’चे स्त्रीलिंगी ‘मशीना’ झाले आणि तेथे नवी अडचण उभी राहिली, कारण रोजच्या बोलण्यात ‘मशीना’ म्हणजे मोटारगाडी. ट्रॅक्टरला जोडायच्या अवजाराच्या पुस्तिकेत ‘मशीना बंद करा’ असे लिहिले, तर नेमके काय बंद करायचे, असा प्रश्न शेतकऱ्याला पडू शकतो. अशा जागी मी ‘इएकार्ता’ हा शब्द सुचवेन. ‘मांडणी करणे’ या अर्थाच्या धातूपासून तो आला आहे आणि जोडून उभ्या केलेल्या साधनसामग्रीला तो चपखल बसतो. इंग्रजी ‘मशिनरी’चे अनेकवचन होत नाही, लात्वियनमध्ये मात्र ती मोजण्याजोगी यंत्रे होतात, शेतीची असतील तर ‘तेह्निका’ म्हणणे अधिक स्वाभाविक ठरते.

इंग्रजीतली नामांची माळ हा याहून कठीण भाग आहे. पंप, व्हॉल्व्ह, स्प्रिंग हे तीन शब्द इंग्रजीत नुसते एकापुढे एक ठेवले की काम होते. कोण कोणाचे, हे वाचणाऱ्याने ओळखायचे. लात्वियनमध्ये ‘सूक्न्या वार्स्ता अत्स्पेरे’ असे, आपल्या ‘पंपाच्या झडपेची स्प्रिंग’प्रमाणे, षष्ठी लावून लिहावे लागते. शब्दक्रम मराठीसारखाच असल्याने हे सोपे वाटते, परंतु षष्ठीत वचनही सांगावे लागते. झडप एक असेल तर ‘वार्स्ता’, अनेक असतील तर ‘वार्स्तु’. इंग्रजी मजकुरात ही माहिती नसतेच, त्यामुळे भाषांतरकाराला आराखडा उघडून झडपा मोजाव्या लागतात. ज्याच्या हाती आराखडा दिलेला नाही, त्याने तो मागून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

2004 मध्ये लात्विया युरोपीय संघात गेला आणि लात्वियन संघाची अधिकृत भाषा झाली. यंत्रांविषयीचा संघाचा 2006/42 क्रमांकाचा निर्देश 29 डिसेंबर 2009 पासून लागू आहे; त्याची जागा घेणारा 2023/1230 हा नियम 20 जानेवारी 2027 पासून लागू व्हायचा आहे. ज्या देशात यंत्र विकले जाते, त्या देशाच्या अधिकृत भाषेत वापराच्या सूचना असल्या पाहिजेत, असे त्या निर्देशात म्हटले आहे. सूचना भाषांतरित असतील, तर त्यांवर तसे लिहावे लागते आणि मूळ भाषेतल्या सूचनाही सोबत द्याव्या लागतात. म्हणजे लिएपाया या लात्वियातल्या शहरातील एखाद्या कारखान्यात यंत्र येते, तेव्हा पेटीत दोन्ही पुस्तिका असतात, आणि ‘सयूग्स’ वाचून अडलेला कामगार शेजारची मूळ पुस्तिका उघडून त्याच आकृतीवर बोट ठेवू शकतो.