हृदयाला ठिगळ लावता येते का?

नमस्कार मंडळी. हार्ट अटॅक आला की काही तासांतच हृदयाचा स्नायू मरू लागतो आणि अटॅक मोठा असेल, तर सुमारे १०० कोटी स्नायूपेशी कायमच्या जातात. त्या जागी पांढरट, चिवट व्रण धरतो. तो हृदयाची भिंत सांधून ठेवतो खरा, पण आकुंचन पावत नाही. स्टेंटने रक्तवाहिनी मोकळी होते, मात्र मेलेला स्नायू परत येत नाही.

तो परत आणता येईल, असे २००१ मध्ये वाटले होते. हृदयावर संशोधन करणारे पिएरो आन्व्हर्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयात अस्थिमज्जेतील मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, टोचल्या आणि नऊ दिवसांत नवा स्नायू दिसल्याचे ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष रुग्णांवरही प्रयोग लगेच सुरू झाले; ही घाई मला आजही अनाकलनीय वाटते. २००४ मध्ये अमेरिकेतील दोन वेगळ्या गटांनी खूण केलेल्या पेशी उंदरांच्या हृदयात सोडून त्यांचे पुढे काय होते ते पाहिले, तेव्हा त्यांतून हृदयस्नायू तयार होतच नव्हता. अखेर २०१८ मध्ये हार्वर्डने आन्व्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घेण्याची शिफारस केली.

मग काही रुग्णांना थोडे बरे कसे वाटले? अमेरिकेतील सिनसिनाटीच्या संशोधकांनी उंदरांना चक्क मेलेल्या पेशी टोचल्या, तरी हृदयाच्या कामात सुधारणा दिसली. टोचलेल्या जागी प्रतिकारशक्ती जागी होते आणि व्रणाची घडण सुधारते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

भारतात हृदयासाठी मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करावा, असे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्यामुळे कोणी ‘स्टेम सेलचे पॅकेज’ सांगून लाखोंचा आकडा पुढे केला, तर आधी सीटीआरआयचा, म्हणजे देशातील वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागावा.

खरी उत्सुकता आहे ती जर्मनीतील गॉटिंगेनच्या कामाबद्दल. तेथे जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांच्या पद्धतीने प्रौढ पेशींना मूलपेशींचे रूप देतात, त्यांपासून हृदयस्नायूच्या पेशी घडवतात आणि कोलॅजेन या प्रथिनात मिसळून त्यांचा तुकडा तयार करतात. हा तुकडा प्रयोगशाळेतल्या बशीत असतानाच आपला आपण धडधडू लागतो. हृदय निकामी होत चाललेल्या ४६ वर्षांच्या एका महिलेच्या हृदयावर असे ठिगळ शिवण्यात आले. त्यात सुमारे ४० कोटी पेशी होत्या. तीन महिन्यांनी तिला दात्याचे हृदय मिळाले, म्हणून काढलेले जुने हृदय तपासता आले. ठिगळातील पेशी जिवंत होत्या आणि त्यात रक्तवाहिन्याही शिरल्या होत्या. पेशी मात्र दुसऱ्याच्या होत्या, त्यामुळे शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागली.