मीठ, क्लोरीन आणि मागच्या अंगणातला स्पा

नमस्कार मंडळी. स्प्रिंग लागला की मेलबर्नमध्ये कुठे ना कुठे मागच्या अंगणात खोदकाम सुरू होतंच, आणि हल्ली आपल्या मराठी घरांमध्ये पण पूल आणि त्याला चिकटून स्पा, म्हणजे गरम पाण्याचा छोटा हौद, असं दोन्ही एकदम करून घेणारे बरेच दिसायला लागलेत. बिल्डर येतो, टाइल्स दाखवतो, लाइटचे रंग दाखवतो, स्पातलं पाणी पूलमध्ये कसं पडेल त्याचं चित्र दाखवतो, आणि कोटेशनमध्ये कुठेतरी खाली एक ओळ असते, सॉल्ट क्लोरिनेटर इन्क्लुडेड, म्हणजे मिठापासून क्लोरीन बनवणारं मशीन किमतीतच धरलंय. कुठला, केवढा, काही नाही. आजचं बोलणं त्या एका ओळीबद्दल, कारण टाइल्स एकदा बसवल्या की विषय संपला, पण या मशीनशी तुमचा संबंध वर्षानुवर्षं राहणारे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो, कारण हे मला दर पार्टीत कोणीतरी सांगतं की आमचा सॉल्ट वॉटर पूल आहे, आमच्यात क्लोरीन नाही. आहे हो, क्लोरीनच आहे. फक्त तो डब्यातून ओतायचा नाही, घरीच तयार होतो. पाण्यात मीठ विरघळलेलं असतं, ते पाणी एका सेलमधून जातं, सेलमध्ये टायटॅनियमच्या पातळ प्लेट्स असतात, त्यावर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा लेप, त्यातून डीसी करंट गेला की मिठातला क्लोराइड क्लोरीन होऊन बाहेर पडतो आणि लगेच पाण्यात विरघळतो. तो जंतू मारतो, घाण जाळतो, आणि काम झालं की परत क्लोराइडच होतो, म्हणजे मीठ संपत नाही, ते फिरत राहतं. कमी होतं ते बॅकवॉशमध्ये, म्हणजे फिल्टर उलट्या पाण्याने धुतो तेव्हा, पोरांनी पाणी उडवलं त्यात, आणि पावसाने पूल भरून वाहिला तर. आणि खारट किती, तर समुद्राचं पाणी साधारण ३५,००० पीपीएम असतं, पीपीएम म्हणजे लिटरला इतके मिलिग्रॅम, आपल्या पूलमध्ये मॉडेलप्रमाणे ३,००० ते ६,०००, डोळ्यातलं पाणी सुद्धा यापेक्षा खारट असतं. म्हणून डोळे कमी चुरचुरतात.

आता साइज. या मशीन्सवर ताशी किती ग्रॅम क्लोरीन बनतो तो आकडा असतो, १५, २०, २५, ३५ असा, आणि दुकानात तुम्हाला सांगतात की हे एवढ्या हजार लिटरपर्यंत चालतं. ते लिटरवालं वाक्य सोडून द्या, ग्रॅम बघा. समजा पूल ८ मीटर बाय ४, सरासरी खोली १.४ मीटर, म्हणजे ४५,००० लिटरच्या आसपास. जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, ऊन कडक, पोरं दिवसभर पाण्यात, तर दिवसाला ३ ते ४ पीपीएम क्लोरीन खर्च होतो असं धरा. ४ पीपीएम म्हणजे १८० ग्रॅम. ३० ग्रॅमचं मशीन असेल तर सहा तासांत हिशोब पूर्ण, २० ग्रॅमचं असेल तर नऊ तास, आणि १५ ग्रॅमचं असेल तर बारा तास पंप चालू, विजेचं बिल वेगळं आणि सेल रोज पूर्ण ताकदीने घासला जातो तो वेगळा. सेलचं आयुष्य तासांत मोजलं जातं, साधारण दहा हजार तास चालला तर चांगला चालला, आणि नवा सेल काही शे डॉलरला येतो. म्हणून गरजेपेक्षा एक साइज मोठं घ्यायचं आणि कमी टक्क्यावर चालवायचं, यात कंजुषी नको. आणखी एक, छतावर सोलर असेल तर पंप दिवसाच चालवणार ना आपण, मग ज्या वेळात ऊन आहे तेवढ्याच तासांत सगळा क्लोरीन बनला पाहिजे, म्हणजे परत मोठंच मशीन लागतं.

इथपर्यंत कुठलाही पूलवाला सांगेल. खरी गंमत स्पाने येते आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. पूलची साइज मशीनचा आकडा ठरवते हे बरोबर, पण मशीन कुठलं हे स्पा ठरवतो.

का ते बघा. तुमचा स्पा असेल १,८०० लिटरचा. पूल आणि स्पा एकाच पंपावर, एकाच फिल्टरवर, मध्ये व्हॉल्व, रात्री स्पामध्ये बसायचं म्हणून बटण दाबलं की व्हॉल्व फिरतो आणि सगळं पाणी फक्त स्पातूनच फिरायला लागतं. आता ते ३० ग्रॅमचं मशीन, जे ४५,००० लिटरला तासाला जेमतेम पाऊण पीपीएम देत होतं, ते या १,८०० लिटरला तासाला जवळजवळ १७ पीपीएम देणार! पाणी ३७ अंश, वर वाफ, तोंड पाण्यापासून वीतभर अंतरावर, आणि क्लोरीन पाचपट. खोकला, डोळे लाल, स्विमिंग कॉस्च्युमचा रंग गेला, आणि मग लोक म्हणतात मीठ सूट होत नाही आम्हाला. मीठ बिचारं काय करणार. तर विकत घेताना पहिला प्रश्न हा, की याच्यात स्पा मोड, म्हणजे स्पासाठी क्लोरीन कमी करणारं सेटिंग, आहे का, आणि तो व्हॉल्व फिरल्यावर आपोआप लागतो की आपण लक्षात ठेवून बटण दाबायचं. कारण पाहुणे आलेत, ताटं मांडायचीयत, कोण जाऊन क्लोरिनेटर दहा टक्क्यांवर आणणार? आपोआप होत असेल तरच त्याला मोड म्हणा. ज्या सिस्टिममध्ये व्हॉल्व, हीटर, पंप आणि क्लोरिनेटर एकाच कंट्रोलरवर असतात तिथे हे सरळ होतं, वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे भिंतीवर शेजारी शेजारी लावले की त्यांचं आपसात बोलणं होत नाही.

उलटी अडचण पण आहे. चार-पाच दिवस स्पा कोणी वापरला नाही, व्हॉल्व पूलकडे, तर स्पातल्या पाण्याला क्लोरीन मिळतच नाही, आणि थोडंसं पाणी, ते पण कोमट, त्यात शेवाळ धरायला वेळ लागत नाही. म्हणून रोज थोडा वेळ पाणी स्पातून उतू जाऊन पूलमध्ये पडेल असं टायमरवर लावून घ्यायचं. तो धबधबा फोटोपुरता नसतो, त्याचं काम हे आहे.

आता पीएच. हा भाग थोडा कंटाळवाणा आहे पण पैसे इथेच वाचतात किंवा जातात. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ मध्ये हवा, वर गेला की क्लोरीन असून नसल्यासारखा, कारण जंतू मारणारा जो त्याचा प्रकार आहे तो कमी होतो. आणि सॉल्ट पूलमध्ये पीएच सतत वर जातो, सेलमध्ये पाणी ढवळलं जातं, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. त्यात स्पाचा ब्लोअर, तो तर हवाच मारतो पाण्यात, म्हणजे अजून वर. त्यात पूल नवीन, पेबलक्रीटचा, म्हणजे सिमेंटमध्ये बारीक खडे घातलेल्या थराचा, असेल तर सिमेंट पुढचे कित्येक महिने पाण्यात चुना सोडत राहणार, म्हणजे तिसऱ्या बाजूने वर. नवीन काँक्रीट पूल अधिक स्पा अधिक सॉल्ट, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर पीएच खाली आणायला अ‍ॅसिड आपोआप सोडणारा डोझर असलेलं मॉडेल घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे, जरी त्याचे हजारभर डॉलर जास्त पडले तरी. फायबरग्लासचा साधा पूल असेल, स्पा नसेल, तर हाताने आठवड्यातून एकदा अ‍ॅसिड टाकून चालतं, उगाच डोझरचा पीएच मोजणारा प्रोब कॅलिब्रेट करत बसायची गरज नाही. तो प्रोब काही वर्षांनी बदलावा लागतो, हे पण विकताना कोणी सांगत नाही.

अ‍ॅसिडचा ड्रम मात्र क्लोरिनेटरच्या खाली शेजारी ठेवू नका, बिल्डर सर्रास तसाच ठेवून जातात. त्याची वाफ इलेक्ट्रॉनिक्स खाते, नळ्यांचे क्लॅम्प खाते, दोन वर्षांत मशीनचा डिस्प्ले जातो. आणि हाताने टाकायचं असेल तर अ‍ॅसिड पाण्यात, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही, आणि लिक्विड क्लोरीनच्या बादलीत तर कधीच नाही, विषारी गॅस होतो.

नवीन काँक्रीट पूलवाल्यांनो, अजून एक. पाणी भरल्या भरल्या मीठ टाकू नका, साधारण २८ दिवस प्लास्टरला मुरू द्यायचे, तोवर लिक्विड क्लोरीनवर चालवायचं. घाईने मीठ टाकलं तर कोवळ्या पृष्ठभागाला त्रास होतो, शिवाय बिल्डरच्या वॉरंटीत ते लिहिलेलं असतं. ४५,००० लिटरला ४,००० पीपीएम करायला १८० किलो मीठ, म्हणजे २० किलोच्या नऊ पिशव्या, एकदम एका कोपऱ्यात ढीग घालायचा नाही, पंप चालू ठेवून फिरत फिरत टाकायचं. आणि हो, इंडियन ग्रोसरीतलं आयोडिनवालं स्वस्तात मिळतंय म्हणून ते नको, डाग पडतात, पूल सॉल्टच घ्या. मेलबर्नचं पाणी तर एवढं मऊ आहे की त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, काँक्रीट पूलला ते कमी पडलं की पाणी प्लास्टरमधूनच ओढून घेतं, म्हणून इथे सुरुवातीला कॅल्शियम वाढवावं लागतं. पर्थ किंवा अ‍ॅडलेडला ऐकत असाल तर तुमचं उलट, तिकडे पाणी जड, गीझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर सेलच्या प्लेटवर बसतो. त्यासाठी रिव्हर्स पोलॅरिटीचा सेल असतो, करंटची दिशा बदलत राहते आणि थर गळून पडतो. इथे मेलबर्नमध्ये ती अदलाबदल कमी वेळा होईल असं सेटिंग असेल तर करून घ्या, प्रत्येक वेळी लेप थोडा झिजतोच.

स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक अ‍ॅसिड, ते सुद्धा टाकावं लागतं. ते नसेल तर दुपारच्या उन्हात तासाभरात अर्धा क्लोरीन गायब, मशीन कितीही मोठं असो. ५० पीपीएमच्या आसपास ठेवा, फार वाढवलं तर क्लोरीन सुस्त होतो आणि ते काढायचं म्हणजे पाणीच बदलायचं.

मग मिनरल पूल की साधा सॉल्ट, हे पण विचारतात लोक. मॅग्नेशियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड असतं त्यात, क्लोराइड आहे म्हणजे सेलमधून क्लोरीनच निघणार, पाणी अंगाला जरा मऊ लागतं म्हणतात, लागत असेल, पण पिशव्या बऱ्याच महाग. स्पाचं बजेट आखडतं घेऊन मिनरलवर खर्च करू नका एवढंच म्हणेन. आणि ब्रँड, झोडिअ‍ॅक, अ‍ॅस्ट्रलपूल, डेव्ही, वॉटरको, ही नावं इथे सगळीकडे दिसतात, यातलं कुठलंही घ्या पण ज्याचा सेल घराजवळच्या दुकानात मिळतो ते घ्या. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सेल गेला आणि तो क्वीन्सलंडहून यायचाय म्हटलं की सुट्टी संपते.

बसवताना क्रम बघून घ्या, पंप, मग फिल्टर, मग हीटर, आणि सगळ्यात शेवटी क्लोरिनेटर. हीटरच्या आधी सेल आला की ताजा क्लोरीन थेट हीटरच्या तांब्यात. फ्लो सेन्सर हवाच, पाणी वाहत नसताना सेल चालू राहिला तर आत हायड्रोजन साठतो आणि तो पेट घेऊ शकतो, हे सिनेमातलं नाही, खरं होतं. व्हेरिएबल स्पीडचा पंप असेल तर सगळ्यात कमी स्पीडला सुद्धा सेन्सरला पाणी वाहतंय असं दिसतंय का, हे त्या माणसासमोर चालवून बघा. वायरिंग लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच, आपल्यातले हौशी इंजिनिअर लोक तुम्हाला सांगतोय मी.

पूलच्या कडेला सँडस्टोन किंवा मऊ लाइमस्टोन लावणार असाल तर मीठ त्यात शिरून दगडाचे पापुद्रे काढतं, एकतर दगड बदला नाहीतर कमी मिठावर चालणारं, ३,००० पीपीएमवालं मॉडेल बघा आणि दगड सील करून घ्या. काचेच्या फेन्सचे स्टीलचे खुंट पण चांगल्या ग्रेडचे. बॅकवॉशचं पाणी सांडपाण्याच्या गटारातच गेलं पाहिजे, लॉनवर सोडलं तर लॉन जळतं, आणि त्याच्या वाटेत तुमच्या कडीपत्त्याची कुंडी असेल तर विचारूच नका, एवढ्या थंडीत जगवलेलं झाड.

आणि थंडीचंच निघालं म्हणून, जून-जुलैत पूलचं पाणी १० अंशांपर्यंत उतरतं तेव्हा मशीनवर 'लो सॉल्ट'चा दिवा लागतो. मीठ कमी झालेलं नसतं, थंड पाण्यातून करंट कमी जातो म्हणून मशीनला तसं वाटतं. लोक धावत जाऊन दोन पिशव्या ओततात, मग नोव्हेंबरमध्ये 'हाय सॉल्ट', आणि जास्तीचं मीठ काढायला पाणी सोडून देण्याशिवाय उपाय नाही. दिवा लागला तर आधी पाण्याचा नमुना बाटलीत भरून पूल शॉपमध्ये मीठ मोजून घ्या, बऱ्याच ठिकाणी फुकट करतात, फक्त नमुना देऊन बाहेर पडताना हातात चार डबे दिसतील त्यांच्याकडे बघू नका.

तर कॉन्ट्रॅक्टवर सही करण्याआधी त्या इन्क्लुडेडच्या जागी मॉडेलचं नाव, ताशी ग्रॅम, स्पा मोड आपोआप आहे की नाही, अ‍ॅसिड डोझर आहे की नाही, आणि सेलवर किती वर्षांची वॉरंटी, कारण कंट्रोल बॉक्सची आणि सेलची वेगवेगळी असू शकते, एवढं लिहून मागा. बिल्डर म्हणेल नंतर बघू, तर टाइल्सचं अ‍ॅडव्हान्स पण नंतर बघू म्हणा.