फुप्फुसातली आडवाट

सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बाईला धाप लागली, की दोष तंबाखूच्या भुकटीला जातो. यंत्रमागावरच्या माणसाला लागली, की सुताच्या धुळीला. थुंकीत रक्त दिसलं, की टीबी. अनेकदा ते खरंही असतं. पण एक्स-रेत गोल, गुळगुळीत कडेची सावली असेल आणि तिला वाहिन्या जोडलेल्या दिसत असतील, तर सुई घालून तुकडा काढायची घाई नको. ती रक्ताचीच पिशवी असू शकते.

या दोषाला पल्मनरी आर्टिरिओव्हेनस मालफॉर्मेशन म्हणतात. त्यात फुप्फुसाची रोहिणी केशवाहिन्यांना वगळून थेट नीलेत उघडते. तेवढं रक्त प्राणवायू न घेताच परततं. त्याहून गंभीर म्हणजे केशवाहिन्यांची मधली गाळणीच नाही. पायातली बारीक गुठळी किंवा हिरड्यांतले जंतू मेंदूत पोचतात. मग पक्षाघात, नाहीतर मेंदूत पू.

पल्स ऑक्सिमीटर आधी झोपवून लावा, मग उभं करून. ही जोडणी बहुधा तळाशी असते. उभं राहिल्यावर तिथे रक्त जास्त जातं आणि आकडा उतरतो. घोळणा वारंवार फुटतो का, ओठांवर, जिभेवर लाल ठिपके आहेत का, घरात आणखी कुणाला हा त्रास आहे का, हेही विचाराच. बहुतेक रुग्णांत मूळ आनुवंशिक असतं.

पुढे बबल इको, म्हणजे बुडबुडे सोडून केलेली हृदयाची सोनोग्राफी. सलाईनमध्ये थोडी हवा दोन सिरिंजांतून घुसळून हाताच्या शिरेत सोडतात. बुडबुडे उजव्या बाजूला दिसल्यावर तीनेक ठोक्यांनंतर हृदयाच्या डाव्या बाजूला आले, तर वाट फुप्फुसातली. त्याआधीच आले, तर बहुधा हृदयाच्या पडद्यातल्या भोकाची. नेमकी जागा १ ते २ मिलिमीटर कापांच्या सीटीत कळते, बहुधा डायशिवाय (शिरेतून द्यायच्या रंगद्रव्याशिवाय).

रक्त पुरवणारी रोहिणी २ ते ३ मिलिमीटर किंवा जाड असेल, तर ती बंद करतात. जांघेच्या नीलेतून कॅथेटर (बारीक नळी) उजव्या हृदयामार्गे फुप्फुसात नेतात आणि कॉइल (तारेचं वेटोळं) किंवा प्लग (बूच) बसवतात. प्लग वाहिनीहून ३० ते ५० टक्के मोठा हवा. लहान पडला, तर पलीकडे निसटून शरीरात जातो. जागा पिशवीला अगदी लागून हवी. फार अलीकडे बसवला, तर आजूबाजूच्या फांद्या पिशवीला पुन्हा रक्त पोचवतात. कॅथेटरमध्ये हवेचा थेंबही राहता कामा नये.

नंतर काही दिवस छातीत दुखू शकतं. ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा सीटी. पिशवी आक्रसलेली दिसायला हवी. दात काढण्याआधी प्रतिजैविक, प्रत्येक सलाईनला हवा अडवणारा फिल्टर, आणि गरोदरपणाचा विचार असेल तर त्याआधीच ही तपासणी.